खाऱ्या पाण्यातील थवा
(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांना सागरजीवनाचे पहिले दर्शन तेथे घडले. तशी एखादी लहानशी काचपेटी आपल्या शाळेतही असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. पेटीत लहान माशांचा थवा असला तर ती अधिकच मनोहर दिसते. परंतु थवा विकत आणणे सोपे आणि तो थवा म्हणून टिकविणे कठीण.

हिरव्या क्रोमिसचे उदाहरण घ्या. हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळांच्या आश्रयाने राहणारा हा फिकट हिरवा मासा फार तर ८ ते १० सेंटिमीटर वाढतो. आपल्याकडे तो लक्षद्वीप व अंदमानच्या समुद्रात आढळतो. प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म जीव टिपत त्याचे थवे प्रवाळांवर तरंगतात आणि शत्रूची चाहूल लागताच फांद्यांत शिरतात.

समुद्रात हाकललेल्या माशाला दूर जाण्यास जागा असते. पेटीत ती नसते. दांडगा मासा दुबळ्याला सतत टोचत राहतो. दुबळा कोपऱ्यात दडतो, अन्नाला मुकतो आणि दगावतो. मग पाळी येते पुढच्याची. आणलेल्या सहांपैकी काही महिन्यांनी एखादाच उरला, असा अनुभव पाळणाऱ्यांना वारंवार येतो. म्हणून सहा-सात माशांसाठी किमान ३०० लिटरची लांबट पेटी घ्यावी, सारख्या आकाराचे मासे एकाच वेळी सोडावेत, दगडांच्या कपारींचे अनेक आडोसे करावेत आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे अन्न पेटीभर पसरून द्यावे. रोज सकाळी मासे मोजावेत. एखादा थव्यापासून अलग राहू लागला, तर तोच पहिला इशारा समजावा.

आता पाण्याविषयी. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी अनेक क्षार असतात. मत्स्यपेटीसाठी मिळणारे सागरी मीठ दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारता येईल इतके विरघळवावे. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. म्हणून वाफेने झालेली घट गोड्या पाण्याने भरून काढावी. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू पेटीत रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणू नयेत. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून पेटी घाईने भरणे म्हणजे माशांना विषात सोडणे होय.

मासे कोठून आले, हेही विचारले पाहिजे. फिलिपाइन्स व इंडोनेशियात शोभेचे मासे पकडण्यासाठी सायनाइड वापरले गेले असून त्याने प्रवाळांचीही हानी झाली आहे. उलट, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउन मासा व क्रोमिसच्याच कुळातील काही मासे बीजोत्पादन केंद्रात वाढविण्याचे तंत्र विकसित केले आहे. असे मासे मिळत असतील तर तेच घ्यावेत. सजावटीसाठी समुद्रातील प्रवाळ मात्र कदापि आणू नये. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

शेवटी व्यवस्थेचा प्रश्न. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत अन्न कोण देणार? वीज गेल्यावर बॅटरीवरील हवापंप कोण सुरू करणार? पाणी बदलण्याचा खर्च कोणत्या तरतुदीतून होणार? ही नावे व ही तरतूद कागदावर आल्यानंतरच पेटीची मागणी नोंदवावी. ते शक्य नसेल, तर गोड्या पाण्याची साधी पेटी ठेवणे अधिक शहाणपणाचे. विद्यार्थ्यांचे त्यात काहीही उणे होणार नाही आणि समुद्रातला थवा समुद्रात राहील.