विजेचे लाभक्षेत्र कोणते?

(कोयना प्रकल्पाच्या भेटीच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



उद्या आपण कोयनेचे धरण पाहावयास जाणार आहोत. १०३ मीटर उंचीची आणि ८०० मीटरांहून अधिक लांबीची ती भिंत पाहून मन दिपून जाते. त्यात गैर काही नाही. हजारो श्रमिकांच्या हातांनी उभे केलेले ते काम आहे. परंतु भिंत म्हणजे प्रकल्प नव्हे. पाणी कोठे गेले, वीज कोठे गेली आणि माणसे कोठे गेली, या तीन वाटांचा शेवटपर्यंत माग काढल्यावाचून कोयना समजत नाही.

प्रथम पाण्याची वाट पाहू. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. तिच्या पश्चिमेस डोंगराची एक रांग ओलांडली की कोकणचा तुटलेला कडा लागतो. या भूरचनेतच प्रकल्पाची सारी कल्पना सामावलेली आहे. देशमुखवाडीजवळ नदी अडवली आणि जलाशयाचे पाणी बोगद्याने डोंगराच्या पोटातून पश्चिमेस वळवले. सुमारे ४७५ मीटर खाली उतरणारे ते पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील चक्रे फिरवते. तेच पाणी कोळकेवाडी येथे पुन्हा अडवून अलोरे येथे त्यापासून दुसऱ्यांदा वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. पुढे चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगद्याचे तोंड उघडण्यात आले. आज सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. औष्णिक संच सुरू होण्यास तास लागतात, जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतो. म्हणूनच सायंकाळी विजेची मागणी चढते तेव्हा राज्याची भिस्त कोयनेवर असते. ही कामगिरी आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

परंतु कोकणात उतरलेले पाणी घाट चढून परत येत नाही. धरणाची साठवणक्षमता १०५ अब्ज घनफुटांची; त्यांपैकी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेस वळवण्याची मुभा बच्छावत लवादाने दिली. माण, खटाव, आटपाडी, सांगोला हे अवर्षणाचे तालुके याच कृष्णा खोऱ्यातील. तेव्हा कोयनेच्या विजेच्या प्रत्येक युनिटामागे कोणाच्या तरी शेतास न मिळालेले पाणी आहे. किती पाण्याची वीज करावयाची आणि किती पाणी शेतीला द्यावयाचे, हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नाही. तो राजकीय प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय लोकांसमोर झाला पाहिजे.

या खोऱ्याने आणखीही किंमत मोजली आहे. १९६२ मध्ये जलाशयात पाणी साठू लागले आणि भूकंपाचे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या मोठ्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. भिंतीस तडे गेले. ती पुढे मजबूत करण्यात आली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचे उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचा अभ्यास करतात.

आता माणसांची वाट. जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतील गावे जलाशयाखाली गेली. राज्याचा पुनर्वसन कायदा झाला १९७६ मध्ये. ही माणसे त्याच्या कितीतरी आधी उठवली गेली. काहींना दूरच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवण्यात आल्या, काही डोंगर चढून वर राहिले. वर राहिलेल्यांच्या भोवती १९८५ मध्ये अभयारण्य आले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आला आणि त्यांच्यावर दुसऱ्यांदा उठण्याची पाळी आली. याच डोंगरांतील तरुण मुंबईच्या गिरण्यांत राबले, गोदीत आणि बाजारांत त्यांनी पाठीवर ओझी वाहिली. कोयनेच्या विजेने उजळलेल्या शहरात ते झोपडीत राहिले. साठ वर्षे लोटली, तरी यांतील कित्येक कुटुंबे आपल्या हक्काच्या जमिनीसाठी अर्ज आणि मोर्चे यांच्या फेऱ्यांतच आहेत.

असे का झाले? आपल्या पुनर्वसन कायद्याचे तत्त्व असे की, ज्याची जमीन बुडाली त्याला धरणाच्या लाभक्षेत्रात जमीन द्यावी. ज्यांना पाणी मिळाले त्यांनी ज्यांचे घर गेले त्यांना वाटा द्यावा, हा त्यातील न्याय. पाटबंधाऱ्यांच्या धरणाचे लाभक्षेत्र नकाशावर दाखवता येते. मुख्यतः विजेसाठी बांधलेल्या धरणाचे लाभक्षेत्र कोठे दाखवणार? ते तारेने पसरते. कारखान्यात, लोकलगाडीत, दिवाणखान्यात जाते. सर्वांना लाभ झाला म्हणून कोणावरच देणे आले नाही. माझे म्हणणे एवढेच की, विजेचे लाभक्षेत्र म्हणजे संपूर्ण राज्य. म्हणून हे कर्जही संपूर्ण राज्याचे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटातून ठरलेला अंश विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी वेगळा काढला गेला पाहिजे, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. मुंबईला वीज पुरवण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तेव्हाही प्रश्न हाच होता. आणि राज्य सरकारने २०२३ मध्ये उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे धोरण जाहीर केले आहे. खालचे पाणी वर चढवून मागणीच्या वेळी पुन्हा खाली सोडणारे हे प्रकल्प सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर येऊ घातले आहेत आणि त्यांत खाजगी भांडवल मोठ्या प्रमाणावर उतरत आहे. सूर्य आणि वारा यांच्या विजेला अशा साठवणीची जोड लागणार, हे खरे. म्हणूनच कोयनेचे देणे फेडण्याआधी नवी गावे उठवू देणार नाही, असे आपण आजच बजावले पाहिजे.

उद्या भिंतीजवळ उभे राहाल तेव्हा पाण्याकडे अवश्य पाहा. पण परतताना वरच्या एखाद्या वाडीत जा, तेथील वडीलधाऱ्यांपाशी बसा आणि सातबारा कोणाच्या नावे आहे, विजेचे बिल किती येते, हे विचारून टिपून घ्या. त्या टिपणांवरूनच आपल्या मागण्यांचा मसुदा तयार करावयाचा आहे.