अहवाल निर्दोष, दुखणें कायम

आजार हत्तीच्या पायांनीं येतो आणि मुंगीच्या पायांनीं जातो, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु एक दुखणें असें आहे कीं, तें येतेंहि मुंगीच्याच पायांनीं. प्रथम मान अवघडते. मग खांदे, कंबर, मांड्या, पोटऱ्या असें करीत करीत वर्ष-दोन वर्षांत सारें शरीर त्याच्या ताब्यांत जातें. जखम नाहीं, सूज नाहीं, ताप नाहीं. वेदना मात्र अष्टौप्रहर आहे. अशा दुखण्याचें निदान मिळविण्यासाठीं रोग्याला जी वणवण करावी लागते, तिचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

एखाद्या मध्यमवर्गीय घरांतील चाळिशीच्या गृहिणीचें उदाहरण घ्यावें. सकाळीं ती उठते तीच अंग आंबलेल्या अवस्थेंत. रात्रीं झोप झालेली असते, पण विश्रांति मिळालेली नसते. कणीक मळतांना मनगटें भरून येतात, ओली चादर पिळतांना खांदे ठणकतात, आणि कोणी मायेनें पाठीवर हात ठेवला तरी तो नकोसा वाटतो. चुलीवर दूध ठेवल्याचा विसर पडूं लागतो. घरच्या डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्यांनीं चार दिवस बरें वाटतें. मग रक्त तपासलें जातें, क्ष-किरणांनीं मानेचें व कमरेचें चित्र घेतलें जातें. अस्थिरोगतज्ज्ञ मणक्यांत थोडी झीज असल्याचें सांगतात. पण तशी झीज त्या वयांत न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यांतहि सांपडते. पट्टा, शेक, मालीश, काढे, सर्व कांहीं होतें. कागदांची पिशवी फुगत जाते आणि प्रत्येक कागदाचा निकाल एकच असतो : विशेष कांहीं नाहीं.

येथून पुढें तिच्या दुखण्याला दुसरें दुखणें जडतें. पति दुष्टपणानें नव्हे, तर सुटकेच्या भावनेनें म्हणतो, "अगं, सगळे रिपोर्ट चांगले आले आहेत. आतां दुखण्याचा विचार सोडून दे." सासूबाई म्हणतात, "आम्ही विहिरीचें पाणी ओढलें, पण असें रोज रोज अंग कधीं दुखलें नाहीं." शेवटीं तिलाच स्वतःविषयीं शंका येऊं लागते. पुढच्या तपासणींत कांहीं तरी दोष निघावा, अशी इच्छा तिच्या मनांत येते आणि त्या इच्छेची तिलाच लाज वाटते. निरोगी माणसाला हें विचित्र वाटेल. परंतु ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं, त्याला निदान एक साक्षीदार हवा असतो.

या व्याधीला आज फायब्रोमायाल्जिया असें म्हणतात. शंभर माणसांत सुमारें २ ते ४ जणांना ती असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. स्त्रियांत तिचें प्रमाण अधिक आढळतें. तिच्या नामकरणाचा इतिहास बोधप्रद आहे. १९०४ सालीं लंडनचे विख्यात वैद्य सर विल्यम गॉवर्स यांनीं कंबरदुखीवरील एका व्याख्यानांत 'फायब्रोसायटिस' हा शब्द योजला. स्नायूंमधील तंतुमय भागाचा दाह, असा त्याचा अर्थ. पुढें सूक्ष्मदर्शकाखालीं तो दाह कांहीं सांपडेना. तेव्हां १९७६ सालीं 'फायब्रोमायाल्जिया' हें नांव सुचविण्यांत आलें. त्यांत तंतु, स्नायु आणि वेदना एवढ्यांचाच उल्लेख आहे. दाहाचा दावा नाहीं. म्हणजे चूक वैद्यांच्या तर्कांत होती. रोग्यांच्या तक्रारींत नव्हती.

१९९० सालीं अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें निदानाची कसोटी ठरविली. वेदना किमान तीन महिने असावी. ती शरीराच्या दोन्ही बाजूंना आणि कमरेच्या वर व खालीं असावी. आणि ठराविक १८ जागांपैकीं निदान ११ जागा सुमारें ४ किलो भाराच्या दाबानें दुखाव्या. पण कोणाचा अंगठा जड, कोणाचा हलका. शिवाय पुष्कळ डॉक्टर हे बिंदु तपासतच नसत. म्हणून २०१० सालीं त्याच संस्थेनें नवी कसोटी दिली. तींत बिंदु दाबून पाहण्याची अट गेली. कोठें कोठें दुखतें, थकवा किती, झोपेनंतर ताजेतवानें वाटतें कीं नाहीं, स्मरणांत व विचारांत अडथळा येतो काय, असे प्रश्न तिच्याऐवजीं आले. या निदानाचें मुख्य साधन रोग्याचें म्हणणें नीट ऐकून घेणें हेंच आहे.

मग रक्तांत व हाडांत कांहीं दिसत नाहीं, तर बिघाड असतो कोठें? २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १६ रोगी व १६ निरोगी माणसें यांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्यांच्या मेंदूंतील हालचाल यंत्रानें पाहण्यांत आली. ज्या सौम्य दाबानें रोग्यांच्या मेंदूंतील वेदनेचीं केंद्रें जागृत झालीं, त्याच दाबानें निरोगी माणसांत तसें फारसें घडलें नाहीं. त्यांना तितकीच वेदना होण्यास बराच अधिक दाब द्यावा लागला. रेडिओचें बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलें असतां कुजबूजहि गर्जनेसारखी ऐकूं येते, तसा हा प्रकार आहे. चिंता व खिन्नता यांनीं हें बटण आणखी पुढें सरकूं शकतें. पण तेवढ्यावरून वेदना काल्पनिक ठरत नाहीं.

तथापि अंग दुखणाऱ्या प्रत्येकाला हेंच नांव चिकटविणें धोक्याचें आहे. थायरॉइड ग्रंथीची मंदता, 'ड' जीवनसत्त्वाची आपल्याकडे सर्रास आढळणारी उणीव, आमवाताची सुरुवात, कांहीं औषधांचे दुष्परिणाम, यांनींहि अंग दुखतें. म्हणून मोजक्या तपासण्या अवश्य कराव्या. सांध्यांवर सूज, ताप, वजनांतील घट, हातापायांतील शक्ति कमी होणें, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच खांदे व मांड्या आखडणें, अशीं लक्षणें असल्यास विलंब करूं नये. मात्र एकदां हीं कारणें वगळलीं कीं त्याच तपासण्या दर महिन्याला नव्या दारीं करीत बसण्यांत अर्थ नाहीं.

रोग्यानेंहि थोडी तयारी करावी. कागदावर शरीराची आकृति काढून दुखणाऱ्या जागा खुणांनीं दाखवाव्या. दुखणें केव्हांपासून आहे, झोप कशी लागते, कोणतीं औषधें घेतलीं व त्यांचा काय परिणाम झाला, याचें एक पानभर टिपण न्यावें. एकाच जाणत्या डॉक्टरांकडे, शक्य तर संधिवाततज्ज्ञांकडे, जावें आणि "हा फायब्रोमायाल्जिया असूं शकेल काय?" असें स्पष्ट विचारावें. बरोबर घरचें एक माणूस असावें. डॉक्टरांनीं सांगितलेलें त्यानें स्वतःच्या कानांनीं ऐकलें, म्हणजे घरांतील अर्धा वाद मिटतो.

निदान झालें म्हणजे दुखणें पळालें, असें नव्हे. हमखास बरें करणारें औषध आज नाहीं. कांहीं औषधांनीं कांहीं रोग्यांना आराम पडतो, पण तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं. युरोपांतील तज्ज्ञांनीं २०१६ सालीं सर्व उपायांची छाननी केली, तेव्हां ठाम शिफारस एकाच उपायाची झाली, ती व्यायामाची. तोहि रोज पांच-दहा मिनिटांच्या चालण्यापासून आरंभ करून हळूहळू वाढवावयाचा. एका दिवशीं बरें वाटलें म्हणून घर धुऊन काढूं नये. पुढचे तीन दिवस अंथरुणांत जातात.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचींत दीर्घकालीन सार्वदेहिक वेदनेला स्वतंत्र व्याधि म्हणून स्थान मिळालें आहे. जागतिक सूचींत तिची नोंद झाली. आपल्या घरांत ती व्हावयाची आहे. तिला खर्च लागत नाहीं. संध्याकाळीं घरीं आल्यावर "रिपोर्ट काय आला?" या प्रश्नाच्या आधीं "आज कितपत दुखतें आहे?" असें विचारावें, आणि जें उत्तर येईल तें खरें मानावें.