वाटणीत विसरलेल्या विधवा
(महोत्सवानिमित्त बोरीवली येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी पूर्वजांचे गुणगान करावे अशी रीत आहे, आणि ती रास्तही आहे. परंतु आज मी आपणापुढे आद्य ख्रिस्तमंडळीतील एक तक्रार मांडणार आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ती नमूद आहे. यरुशलेमेतील शिष्य आपले सर्वस्व एकत्र करीत व गरजूंस रोज अन्न वाटीत. आणि अशा त्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे मात्र दुर्लक्ष होत होते. कोणी त्यांचा द्वेष करीत होते काय? तसे तेथे लिहिलेले नाही. वाढणाऱ्यांची भाषा एक, खाणाऱ्यांची दुसरी. माझ्या मते एवढे अंतर पुरेसे झाले असावे.

प्रेषित रागावले नाहीत, की त्यांनी तक्रार दडपली नाही. त्यांनी सात सेवक निवडावयास लावले. स्तेफन, फिलिप, निकानोर, तीमोन आदी ती सातही नावे पाहा. सर्व ग्रीक आहेत! ज्यांचे गाऱ्हाणे होते, त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्याच हाती पळी दिली गेली.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया घ्या. नागासाकी येथे 5 फेब्रुवारी 1597 रोजी त्याने क्रूसावर प्राण दिले व 1862 साली तो संत म्हणून जाहीर झाला, हे आपली मुलेही सांगतील. पण त्यापूर्वी तो काय करीत होता? तो फ्रान्सिस्कन बंधू जपानी भाषा उत्तम जाणत होता. त्याचे वरिष्ठ फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा तो दुभाषी होता. आणि याच फ्रान्सिस्कनांनी क्योतो शहरी महारोग्यांसाठी इस्पितळ चालविले. परक्या देशातील टाकलेल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलणारा कोणी असणे, ही सेवा लहान का मानावी? त्याच संघाच्या बंधूंनी सोळाव्या शतकात येथील मंडपेश्वरच्या टेकडीवर मठ उभारला होता. त्याचे अवशेष आपण येता-जाता पाहतो.

आता आपल्या बोरीवलीकडे येऊ. गोराईचे कोळी, वझिरा व एक्सरची जुनी ईस्ट इंडियन घराणी, मंगळूर-गोव्याहून आलेले कोकणी, मल्याळी, तमिळ, शिवाय घरकामासाठी छोटा नागपुराहून आलेल्या मुली, असे आपण सारे एकाच प्रभुभोजनाला बसतो. मिस्सा संपली की मात्र जो तो आपल्या भाषेच्या घोळक्यात उभा राहतो. यात पाप नाही. पण त्या घोळक्यांच्या मध्ये एकटे कोण उभे राहते, हे पाहिलेत काय?

दुसऱ्यांस विचारण्याआधी माझेच सांगतो. पूर्वीच्या एका नेमणुकीत एका अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे मी दरमहा ख्रिस्तशरीर घेऊन जात असे. घरची मंडळी माझ्याशी इंग्रजीत बोलत, म्हणून प्रार्थनाही मी इंग्रजीत म्हणे. आजी मान डोलवीत. मी समाधानाने जिना उतरे. त्यांच्या दफनानंतर शेजारीण म्हणाली, “फादर, आजींना तुमच्यापाशी पापनिवेदन करायचे होते. पण फादरना मराठी येत नसावी, असे त्या म्हणायच्या.” माझी मातृभाषा मराठी! त्या घरात ती दोन वर्षे माझ्या तोंडून निघाली नाही. आजही मिस्सेत अंतिम आशीर्वाद देताना कधी कधी ती डोलणारी मान आठवते.

दानपेटीत पैसे टाकण्यात आपला धर्मग्राम मागे नाही. त्याबद्दल आज बोलत नाही. येत्या रविवारपासून देवळाच्या दाराशी एक वही ठेवली जाईल. आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत जो कोणी देवळापर्यंत येऊ शकत नाही, त्याची कोणी भेट घ्यावी असे वाटत असेल, तर आधी त्यालाच विचारा. तो हो म्हणाला, तर त्याचे नाव लिहा, आणि त्यापुढे तो घरात कोणती भाषा बोलतो तेही लिहा. ती भाषा ज्याला येते त्याने त्याच पानावर आपले नाव घालावे. मराठीच्या पानावर पहिले नाव माझे आहे. मंगळवारी दुपारी मी मोकळा असतो.