काळजी घेणाऱ्यांची काळजी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांवर बोलणार नाही. एखादी व्यवस्था कुठे आणि का कोलमडते हे शोधणं माझं रोजचं काम. त्याच नजरेनं आज वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांकडे पाहू या.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कर्कलंड नावाचं शहर आहे. तिथल्या लाइफ केअर सेंटर या केंद्रातल्या एका महिलेला कोरोना झाल्याचं २८ फेब्रुवारी २०२० रोजी कळलं. १८ मार्चपर्यंत त्या एका केंद्राशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले. त्यात १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले लोक होते. ३४ रहिवासी दगावले. तीन आठवडेही झाले नव्हते.

सरकारी तपासणीत कारणं निघाली ती साधी होती. अंगात लक्षणं असताना कर्मचारी कामावर येत होते. काहीजण एकापेक्षा जास्त केंद्रांत काम करत होते. संरक्षक साधनं अपुरी होती आणि ती नीट कशी वापरायची याची सवय नव्हती. चाचण्याही कमी होत्या.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका केंद्रात सरसकट चाचणी केली, तेव्हा ४८ रहिवासी बाधित निघाले. त्यातल्या २७ जणांना चाचणीच्या दिवशी कसलंही लक्षण नव्हतं. म्हणजे दारावर ताप मोजून आत सोडणं पुरेसं नव्हतं. एक रुग्ण सापडला की सगळ्यांची चाचणी करायला हवी होती, रहिवाशांचीही आणि कर्मचाऱ्यांचीही.

आता प्रश्न असा, की आजारी माणूस कामावर येतो का? तो बेफिकीर असतो म्हणून? बहुतेक वेळा घरी बसलं तर पैसे मिळत नाहीत म्हणून येतो. दोन ठिकाणी काम करतो, कारण एका ठिकाणच्या पगारात भागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर दोष माणसात नाही, रचनेत आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं हे ओळखलं. मार्च २०२० मध्येच तिथे आदेश निघाला, की कर्मचाऱ्यानं एकाच केंद्रात काम करायचं. पण नुसता आदेश काढला असता तर माणसांची रोजी गेली असती. म्हणून सरकारनं पैसे घालून वेगवेगळ्या केंद्रांतलं वेतन एका पातळीवर आणलं. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे काय आहे? आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या कितीतरी मावशी आणि मामा ब्युरोमार्फत येतात. बारा तासांची ड्युटी, रोजावर पैसे, खाडा झाला की पैसे कापले. तुमच्यापैकी कुणाची अम्मी, खाला किंवा बहीणही हे काम करत असेल. तिला खोकला झाला तर ती सांगेल, की लपवेल? तिनं लपवलं, तर त्याचा गुन्हेगार कोण?

म्हणून एक काम सुचवतो. तुमच्या गावात, मोहल्ल्याजवळ एखादा वृद्धाश्रम असेल. चार-पाच जणांनी मिळून तिथे जा. खिडक्या उघडतात का आणि आजारी माणसाला वेगळी खोली आहे का, ते पाहा. कर्मचाऱ्यांना आजारपणाची पगारी रजा मिळते का, ते विचारा. रजेवर गेलेल्याच्या जागी बदली कोण येतं, तेही विचारा. भेटी बंद कराव्या लागल्या तर रहिवाशांना रोज फोन कोण लावून देणार, हे आत्ताच ठरवायला सांगा. महिनोन् महिने एकटं ठेवणं हेही म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही.

उत्तर 'नाही' आलं तर भांडू नका. रजेच्या दिवसांचे पैसे भरून काढायला छोटा निधी उभा करता येईल का, ते बघा. आणि घरी मावशी येत असतील तर सुरुवात घरापासून करा. आजारी असाल तेव्हा येऊ नका, पैसे कापणार नाही, हे त्यांना आजच सांगा. साथ आल्यावर सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायला उशीर झालेला असेल.