भात सुटला, गोळी तशीच राहिली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या पावसाळ्यात एका सकाळी म्हसळ्यातल्या माझ्या दवाखान्यात पन्नाशीच्या एका गृहस्थांना दोघांनी धरून आणलं. अंग घामानं चिंब, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. घरच्यांना वाटलं, अर्धांगाचा झटका. बोटाला सुई टोचून पाहिलं तर रक्तातली साखर ४८! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्या वेळानं ते उठून बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, मी तर आठ दिवस भाताला हातसुद्धा लावला नाही."

त्यांच्या दृष्टीनं ही पथ्य पाळल्याची पावती होती. घोटाळा तिथंच झाला होता. आखातात नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना मोबाइलवर कीटो आहाराची चित्रफीत पाठवली होती. यांनी भात, भाकरी, चहातली साखर एका दिवसात बंद केली. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमानं चालू. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भात असो वा नसो, ती आपलं काम करतेच, आणि तिचा अंमल बराच वेळ राहतो. म्हणून त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

आता हा कीटो आहार म्हणजे काय? आपलं रोजचं इंधन मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून येतं. ते दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅमांवर आणलं, की यकृत चरबीपासून 'कीटोन' तयार करू लागतं आणि शरीर, अगदी मेंदूही, त्यावर चालू लागतो. हा आहार मुळात वजन उतरवण्यासाठी नव्हता. उपाशी राहिलं की फिट येणं कमी होतं, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. उपास न करता तोच गुण यावा म्हणून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली हा आहार सुचवला. पुढे फिटवर चांगल्या गोळ्या आल्या आणि तो मागे पडला. पण औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना तो आजही देतात. मुंबईतले डॉ. जनक नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांवरचा आपला अनुभव २००९ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये मांडला आहे. या उपचारात अन्न तोलून दिलं जातं, तपासण्या होतात, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ पाठीशी असतात. मोबाइलवरून आपल्याकडे आलेला कीटो तराजूशिवाय आला!

खरं तर आपल्या बाजारात या आहाराचं सामान भरपूर आहे. बांगडा, मांदेली, कोळंबी, अंडी यांत पिष्ट जवळजवळ नसतंच. ओलं खोबरं, तीळ, तूप, वांगी, भेंडी, पडवळ, पावसाळ्यातला टाकळा, सगळं चालतं. बिनसाखरेची सोलकढीही बेतानं चालते. जून-जुलैत मासेमारी बंद असली की सुकट-बोंबील आहेतच, पण त्यातलं मीठ रक्तदाबवाल्यांनी विसरू नये. अडतं ते उरलेल्या ताटापाशी. वाटीभर भातात चाळीसेक ग्रॅम पिष्ट असतं, म्हणजे एका वाटीत दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. नाचणीची भाकरी चालते, असं मला दिवसाआड कोणीतरी सांगतं. नाचणीत कॅल्शियम आहे, चोथा आहे, ती जरूर खावी. पण पिष्ट तांदळापेक्षा फार कमी नाही. घावन, कुळथाची पिठी, आंबा, फणस यांचंही तेच. काजूसुद्धा मूठभरापलीकडे नको. आणि बांगडा तांदळाच्या पिठात घोळवून तळला, तर ते पीठही हिशेबात धरायचं.

या आहारानं साखर उतरते, हे खरं. वजनही पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं. पण त्यात बरंचसं पाणी असतं. वर्षभरानं पाहिलं तर इतर पथ्यांपेक्षा फारसा फरक उरत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, पायात गोळे येतात, शौचाला खडा होतो. काहींचं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, काहींना मुतखडा होतो.

मला खरी भीती आणखी एका औषधाची वाटते. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. चांगली औषधं आहेत. पेटंट संपल्यावर, एक २०२० मध्ये आणि दुसरं २०२५ मध्ये, ती स्वस्त झाली आणि आता खेड्यापाड्यांत पोचली आहेत. पण ही गोळी चालू ठेवून भात-भाकरी एकदम तोडली, तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्ल होऊ शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, अशी लक्षणं दिसतात. साखर मात्र फार वाढलेली नसते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. आणि मग रात्री घोणसे घाटातून माणगाव गाठायचं! इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनानं करूच नये.

त्या गृहस्थांची ग्लिमेपिराइड मी बंद केली. दुपारी एक वाटी भात, रात्री मासे आणि भाजी, असं ठरवलं. चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा आखातातून फोन आला. "डॉक्टर, आता आईला पण कीटो चालू करू का? तिलाही शुगर आहे."

मी म्हटलं, "आधी तिच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठव."