लाखेची तबकडी आणि चढलेली पट्टी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रांची येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'ग्रामोफोन' असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि 'दुसरा काही?' असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. त्यांची शंका रास्त होती. आमची हयात केंद्र सरकारच्या सेवेत टिपणांवर शेरे लिहिण्यात गेली; पदवी बी.ए.ची, तीही इतिहास घेऊन. संगीतावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु या मेजावर जे यंत्र ठेविले आहे त्याच्या सहवासात आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि या यंत्राने आमच्या घरातील एका माणसावर अन्याय केला होता. त्या प्रकरणाची चौकशी आता कोठे पुरी झाली आहे. तिचा अहवाल आपणांपुढे ठेवण्यास मंडळाखेरीज दुसरी जागा नाही, कारण प्रकरण घडले ते मंडळातच.

हे यंत्र आमच्या मातोश्रींच्या माहेरचे, मिरजेचे. लग्नात ते त्यांच्याबरोबर आले आणि वडिलांच्या नोकरीपायी रांचीस पोहोचले. यात विजेचा अंशही नाही. चावी फिरविली की आतली पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ती उलगडू लागली की वरचे तबक फिरते. पिन तबकडीच्या खाचेतून चालताना थरथरते, ती थरथर अभ्रकाच्या एका पातळ चकतीला पोहोचते, चकती हवेला हलविते आणि हा कर्णा ती हवा मोठी करून आपल्या कानांत ओततो. बस्स, एवढेच. रांचीतील वीज गेली म्हणजे शेजारचे रेडिओ मुके होत आणि आमचे घर गाऊ लागे. लहानपणी त्याचा आम्हांस फार अभिमान वाटे.

आता तबकडीविषयी. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहो, कारण ही कथा आपल्या दारातली आहे. या काळ्या तबकडीला पुष्कळ लोक दगडी म्हणतात, कोणी प्लॅस्टिकची समजतात. ती आहे लाखेची. लाखेचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आतबाहेर. उरलेला भाग पाटीच्या दगडाची वा चुनखडीची भुकटी, काळ्या रंगासाठी काजळी आणि सांधून धरण्यासाठी थोडे सुताचे तंतू. गेल्या शतकाच्या आरंभी जगभर ज्या तबकड्या निघाल्या त्यांत लाख प्रामुख्याने हिंदुस्थानची, आणि हिंदुस्थानच्या लाखेचा फार मोठा भाग याच छोटा नागपूरच्या टापूतला. खुंटी, सिमडेगा, पलामू या बाजूच्या रानांत पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसवितात. बियाण्याच्या लाखेच्या काड्या फांद्यांना बांधल्या की त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी पिले बाहेर पडतात, फांदीत सोंड रोवून तेथेच बसतात आणि अंगाभोवती राळ पाझरून तिचे घर करतात. पळस-बोरावरच्या पिकाला रंगिनी म्हणतात, कुसुमावरच्या पिकाला कुसुमी. वैशाखी, कातकी, अगहनी आणि जेठवी अशी त्याची चार पिके. पांडवांसाठी लाक्षागृह बांधले गेले ते याच पदार्थाचे, आणि आपल्या आज्या पायांना जो अळता लावीत तो याच लाखेच्या धुवणाचा.

फांदीवरून खरवडलेली लाख धुऊन, दळून, लांबच लांब कापडी पिशवीत भरीत. ती पिशवी भट्टीपुढे धरून एका टोकाने पिळली की वितळलेली राळ कापडातून झिरपे. मग तो गरम गोळा एक कारागीर हातांनी, पायांच्या बोटांनी आणि दातांनी ताणून कागदासारखा पातळ पत्रा करी. हाच चपडा. पुरुलियातील झालदा आणि बलरामपूर ही त्याची नावाजलेली ठाणी. तेथून चपडा कलकत्त्यास जाई आणि जहाजाने जगभर. या मालाचे महत्त्व एवढे होते की १९२४ साली लाखेच्या संशोधनाची संस्था येथे, नामकुमला, स्थापन झाली. तिचे नाव आता दोनदा बदलले आहे, पण बसचे वाहक अद्याप जुन्याच नावाने हाक मारतात. १९४२ साली युद्धामुळे पूर्वेकडील समुद्र असुरक्षित झाला तेव्हा अमेरिकेच्या सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लादली आणि लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, त्या भरडून नव्या काढण्याची वेळ आली. न्यूयॉर्कच्या गायकाचे गाणे अडले ते आपल्या पळसावरच्या किड्यापायी.

१९०२ साली फ्रेड गायस्बर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या मात्र जर्मनीतील हॅनोव्हरला छापून येत. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीतून स्वतःचे नाव उच्चारीत. ती केवळ ऐट नव्हती. परदेशी कारखान्यातील माणसास कोणते गाणे कोणाचे हे कळावे, हा त्यामागचा व्यवहार सांगतात. पुढे १९०८ साली सियालदहला कारखाना निघाला आणि मग दमदमला. म्हणजे छोटा नागपूरची लाख कलकत्त्यास गेली, तेथे मराठी नाट्यपद अंगावर कोरून घेऊन मिरजेस पोहोचली, आणि आमच्या मातोश्रींबरोबर पुन्हा रांचीस आली. लाख माहेरी आली, मातोश्रींचे माहेर मात्र सुटले.

त्या काळच्या मुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. त्याच्या आवाजाच्या जोराने पडदा हले आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर खाच कोरी. तीव्र तान आली की गायकाने मागे सरावयाचे, मंद्रात पुढे झुकावयाचे. तंबोऱ्याचा नाजूक झंकार त्या कर्ण्यास ऐकूच जात नसे. व्हायोलिनचीही तीच गत. म्हणून ऑगस्टस स्ट्रो यांनी लंडनमध्ये १८९९ साली एक विलक्षण व्हायोलिन पेटंट केले. त्याची लाकडी पेटीच काढून टाकलेली, तिच्या जागी पडदा आणि धातूचा कर्णा. कर्ण्याने कर्ण्याच्या कानात बोलावे तसा प्रकार. मायक्रोफोन आल्यावर त्याचे प्रयोजन संपले, पण रुमानियाच्या बिहोर भागात खेड्यांतील वादक तसले वाद्य अजून वाजवितात. गरज संपूनही वस्तू राहते ती कोणाच्या तरी प्रेमामुळे.

आणि वेळ किती? दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटे, फार तर साडेतीन. बालगंधर्वांच्या पदाला रंगभूमीवर वन्समोअरवर वन्समोअर मिळत आणि एकेक पद रात्रीचा मोठा भाग खाई. तेच पद तबकडीत बसवावयाचे म्हणजे पैठणी घडी करून काडेपेटीत ठेवावयाची. तरी ती बसविली आणि उलगडली की रंग तोच, हे त्या लोकांचे सामर्थ्य. तबकडीच्या दगडी भुकटीवर घासून पोलादी पिन एका बाजूतच झिजे आणि दर वेळी नवी लावावी लागे. काही शोकी लोक बांबूची पिन वापरीत, ती तासून पुन्हा टोकदार करता येते. (येथेच एक सूचना करून ठेवतो. घरी अशा तबकड्या असतील तर त्या स्पिरिटने कदापि पुसू नका. लाख स्पिरिटात विरघळते. आमच्या एका स्नेह्यांनी स्वच्छतेच्या भरात तीन तबकड्या पुसल्या आणि आता त्या केवळ स्वच्छ आहेत.)

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

१९७८ सालच्या गणेशोत्सवात, मंडळाचे वय तीन आणि आमचे नऊ असताना, मातोश्रींनी एक नाट्यपद म्हणावयाचे ठरविले. येथे गाणे शिकवावयास मराठी माणूस नव्हता. गुरू म्हणजे हे यंत्र. मेजावरच्या या तबकडीवरचा कागद झिजून गायकाचे नाव गेले आहे, पण एका नटाचे ते पद. महिनाभर दुपारी कामे आटोपल्यावर त्या यंत्रापुढे बसत, चावी देत, तीन मिनिटे ऐकत, सुई उचलून पुन्हा मागे ठेवीत. तबकडीचा सूर काळी चारला लागे. मातोश्रींचा आवाज भरदार, खालच्या अंगाचा; काळी तीनला तो निर्वेध फिरे. पण तबकडीत काळी चार आहे, तर गाणे काळी चारलाच म्हटले पाहिजे, अशी त्यांची आणि सर्वांचीच समजूत. तालमीत अंतऱ्याला तारसप्तकात गेल्यावर आवाज फाटला. दुसऱ्या दिवशीही फाटला. त्यावेळच्या एका जाणकार गृहस्थांनी, वाईट हेतूने नव्हे, सांगितले, 'वहिनी, आपला आवाज जरा जाड आहे. गाण्यापेक्षा आपण नांदीत मागे उभ्या राहा.' मातोश्री मागे उभ्या राहिल्या. पुढे मंडळात तेहेतीस गणेशोत्सवांचे मोदक त्यांनी वळले. गाणे म्हटले नाही. घरीही गुणगुणताना कोणी आले की थांबत. २०११ साली त्या गेल्या.

आमच्या बदल्यांबरोबर हे यंत्र चार शहरे फिरले आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही रांचीस परतलो तेव्हा ते दुरुस्तीस काढले. त्यापूर्वी, सरकारी सवयीने, आहे त्या स्थितीचा पंचनामा केला. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटविला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. नेमाने अठ्ठ्याहत्तर व्हावयास हवेत. आमच्या यंत्राचे भरले त्र्याऐंशी! पुन्हा मोजले. त्र्याऐंशीच.

कारण पोटात सापडले. वेग आवरण्यासाठी आत तीन छोटे गोळे पातळ पोलादी पट्ट्यांवर गरगर फिरत असतात. वेग वाढला की ते बाहेर फाकतात आणि एक चकती ओढून नमद्याच्या लहानशा गादीवर घासवितात, तोच लगाम. आमच्या यंत्रातील नमदा झिजून नाहीसा झाला होता आणि वेग कमी-जास्त करण्याची कांडी गंजून एका जागी बसली होती. लगाम सुटलेला घोडा वर्षानुवर्षे धावत होता, आणि त्याच्या मागे आमची आई.

बाजारातल्या एका वृद्ध घड्याळजींनी जुन्या बाजाच्या पेटीतला नमदा कापून तेथे बसविला. मग आम्ही पट्ट्यांची चकती आणली. कागदाच्या चकतीवर कडेने सत्त्याहत्तर काळ्या रेघा. आपल्याकडील पन्नास आवर्तनांच्या विजेवर जुना दिवा सेकंदास शंभर वेळा उजळतो. तबक मिनिटास ७७.९२ फेरे घेऊ लागले की त्या उजेडात रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. नव्या एल.ई.डी. दिव्याखाली पुष्कळदा काहीच दिसत नाही, म्हणून आम्ही माळ्यावरची चोकची नळी खाली काढली. कांडी हळूहळू सरकविली. रेघा पळत होत्या, चालू लागल्या, थांबल्या. तबकडी लावली. सूर काळी चारवरून पांढरी पाचवर उतरला होता.

एवढ्यावर चौकशी संपविता आली असती. परंतु ही तबकडी आवाजाच्या पोतावरून कर्ण्याच्या काळातली, म्हणजे १९२६-२७ च्या पूर्वीची दिसते, आणि त्या काळी अठ्ठ्याहत्तर हा आकडा केवळ नावाचा होता. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत वाटेल त्या वेगाने मुद्रण होई. चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित केलेले गाणे त्र्याऐंशीवर लावले तर ते पुरा एक स्वर वर चढते. सा चा रे होतो. आम्ही कांडी चौऱ्याहत्तरवर आणली. सूर काळी तीनला आला. तबकडीतील पेटी दोन्ही ठिकाणी आपल्या पेटीशी जुळते, त्यामुळे साक्षीदार म्हणून ती निरुपयोगी. कौल कानाचाच घ्यावयाचा. चौऱ्याहत्तरवर त्या नटाचा श्वास माणसाचा वाटतो, तान घाई करीत नाही, शब्द दाताखाली सापडत नाहीत. म्हणून काळी तीन हा आमचा शेरा आहे, आदेश नव्हे. जाणकारांनी तपासावा. पण पांढरी पाच धरली तरी त्या दुपारच्या शिकवणीत आमच्या मातोश्रींकडून अर्धा स्वर जादा वसूल केला गेला, याविषयी वाद नाही.

त्या काळच्या तालमीला हजर असलेल्या दोन मावशी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना आम्ही मुद्दाम घरून घेऊन आलो. ते जाणकार गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव मात्र आपल्या मंडळाची पेटी वाजवितात, आणि त्यांना हे सारे आम्ही आधी सांगितले आहे. ते काही बोलले नाहीत. आज पेटी घेऊन लवकर आले, एवढे आम्ही पाहिले.

कांडी चौऱ्याहत्तरवर आहे. पिन नवी आहे. पेटीवाल्यांनी काळी तीनचा सूर धरावा, आणि मागचा पंखा कोणी बंद करील तर बरे. या कर्ण्याचा आवाज लहान आहे.