दादाचा हीथ स्ट्रीक

(स्नेहसंमेलनातील भाषण)



समितीने मला विषय दिला होता 'शाळा ते सॉफ्टवेअर'. दहा मिनिटं बोल म्हणाले. पण या सभागृहातले बहुतेक जण आता पंचेचाळिशीच्या आसपास आहेत, आणि ही दहा मिनिटं मला वेगळ्या कामाला वापरायची आहेत. समितीची आधीच माफी मागते.

माझा दादा आपल्याच शाळेचा, आपल्या दोन वर्षं पुढे. आपल्यातल्या अनेकांनी त्याची बोलिंग खेळली आहे. लांब रन-अप, चाळीच्या जिन्यापासून सुरू होणारा. सगळी मुलं सचिन व्हायची, हा मात्र हीथ स्ट्रीक व्हायचा. झिम्बाब्वेचा! आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "अगं, ज्याच्या टीममध्ये दुसरं कुणी नाही त्याने एकट्याने ओझं ओढायचं, त्याला बोलर म्हणतात."

ते खरंही होतं. स्ट्रीकने ६५ कसोटींत २१६ आणि १८९ एकदिवसीय सामन्यांत २३९ बळी घेतले. कसोटीत हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी टप्पा गाठणारा झिम्बाब्वेचा तो पहिला खेळाडू. नोव्हेंबर १९९८ मध्ये शारजाच्या अंतिम सामन्यात सचिनने नाबाद १२४ करून त्यांच्या बोलिंगच्या चिंध्या केल्या, तेव्हा चाळीतल्या एकमेव रंगीत टीव्हीसमोर सगळी गॅलरी नाचत होती आणि दादा एकटा कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. आई म्हणाली, "ह्याला झिम्बाब्वेलाच पाठवा." २०२१ मध्ये भ्रष्टाचारविरोधी नियम मोडल्याबद्दल आयसीसीने स्ट्रीकवर आठ वर्षांची बंदी घातली, तेव्हा दादा दोन दिवस नीट जेवला नाही. आवडत्या माणसाचं चुकलं की असंच होतं.

मे २०२३ मध्ये बातमी आली की स्ट्रीकला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पोचलेला, चौथ्या टप्प्यातला. मग २३ ऑगस्टला तो गेल्याची बातमी पसरली. तारीख लक्षात आहे, कारण त्याच संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं आणि आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. त्याआधीच कळलं होतं की बातमी खोटी आहे. त्याचाच जुना सहकारी हेन्री ओलोंगा याने कळवलं की थर्ड अंपायरने त्याला परत बोलावलं आहे. दादाने ते वाक्य मला तीनदा पाठवलं. पण हा परतीचा डाव अकराच दिवस चालला. ३ सप्टेंबर २०२३, रविवार, स्ट्रीक खरंच गेला. वय ४९.

जगभरचे चाहते हळहळले. त्याच्याबरोबर आणि त्याच्याविरुद्ध खेळलेल्यांनी आठवणी लिहिल्या. तुमच्याआमच्यासारखी साधी माणसंही एकमेकांना सांगू लागली की पोटाची तपासणी करून घ्या, हे वय नव्हतं जाण्याचं.

त्या रविवारी दुपारी दादाचा फोन आला. रडत होता. मी समजूत घालत होते, की बाबा, क्रिकेटपटू होता, आपला कोण लागतो? तर तो म्हणाला, "ते नाही गं. मला सात महिने रक्त जातंय."

वहिनीला माहीत नव्हतं. आईला तर नाहीच. एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी न तपासताच मूळव्याध सांगून मलम आणि इसबगोल दिलं. वजन सहा किलो उतरलं होतं, आणि ऑफिसात "बारीक झालास, छान दिसतोस" म्हणून कौतुक चाललं होतं.

मी विचार करते, सात महिने कुणाला कसं कळलं नाही? चाळीत असतो तर कळलं असतं. गॅलरीच्या टोकाला चार संडास, सकाळी बादली घेऊन रांग. कोण किती वेळ लावतो, कोण दिवसातून चारदा जातो, सगळ्या मजल्याला ठाऊक. शेजारच्या काकू तोंडावर विचारायच्या, "काय रे, पोट बिघडलंय?" तेव्हा लाज वाटायची. आता आपण टॉवरमध्ये गेलो, प्रत्येक खोलीला आपलं बाथरूम झालं, दार बंद झालं, आणि विचारणारं कुणी उरलं नाही.

आपण तर परळची मुलं. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आपल्या दारात उभं आहे. शाळेत येता-जाता आपण पाहिलंय, फुटपाथवर पथारी टाकून बसलेली, बिहार-बंगालपासून आलेली माणसं, हातात फाइल आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. 'टाटाला नेलंय' हे आपल्याकडे हळू आवाजातच बोलायचं. लोक हजार मैलांवरून जिथे येतात, त्याच्या शेजारी राहून माझा भाऊ सात महिने गप्प बसला.

पंधरा दिवसांत कोलोनोस्कोपी झाली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ. शस्त्रक्रिया झाली, जवळच्या काही लसिकाग्रंथींतही रोग सापडला, म्हणजे तिसरा टप्पा. काही महिने पोटाला पिशवी लावावी लागली. त्या पिशवीची त्याला आजारापेक्षा जास्त लाज वाटायची. मग केमो. पिशवी आता निघाली आहे. दादा आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. हे सगळं सांगायची परवानगी त्यानेच दिली, आणि वर म्हणाला, "पिशवीचं नक्की सांग."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. ज्याच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला, त्याने चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करायची असते. मला तर उशीरच झाला होता. सांगते कशी असते ती तपासणी, म्हणजे भीती जाईल. आदल्या दिवशी हलकं खायचं, मग पोट साफ करायचं औषध भरपूर पाण्यातून प्यायचं. ती रात्र वाईट, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन, अर्धा-पाऊण तास, संध्याकाळी मी वरणभात खात होते. एक पॉलिप सापडला, त्याच वेळी काढला. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकणाऱ्या जातीचा होता. अशा गाठीचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. आमच्या कामात सिस्टीम बंद पडते तेव्हा जुने लॉग उघडले की दिसतं, इशारे केव्हापासून येत होते. इथेही इशारा येतो. फक्त तो बघायला कुणीतरी जायला हवं.

अमेरिकेत कसलाही त्रास नसलेल्यांनीही ४५ व्या वर्षापासून तपासणी करावी असं २०२१ पासून सांगतात. आधी ती ५० होती. इंग्लंडमध्ये शौचाच्या तपासणीचं किट सरकार पोस्टाने घरी पाठवतं. आपल्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी आहे, आतड्यासाठी नाही. म्हणून आपलं आपणच विचारायला हवं. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी लॅबमध्ये होते. आपल्याला कोणती योग्य, ते डॉक्टर ठरवतील.

पण रक्त दिसलं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, कारण नसताना वजन उतरलं, रक्तातलं लोह कमी झालं, तर 'मूळव्याधच असेल' असं घरी ठरवू नका. बहुतेक वेळा ती मूळव्याधच निघते. पण ते तपासून ठरू दे. आणि डॉक्टरांनी न तपासता औषध दिलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यात त्यांचा अपमान नाही.

बाई, तुमच्या वर्गात आम्ही करंगळी वर करून एकीला आणि दोन बोटं वर करून बेकीला जायचो. सगळ्या वर्गासमोर. तेव्हा आम्हाला लाज वाटली नाही. आता पंचेचाळिशीत नवऱ्याला, बायकोला, डॉक्टरला सांगायला वाटते.

मधल्या सुट्टीत चहा आहे. दादा तिथे असेल. त्याला गंभीर चेहऱ्याने भेटू नका, त्याला ते आवडत नाही. स्ट्रीकबद्दल विचारा, अर्धा तास सोडणार नाही. आणि कुणाला गुपचूप काही विचारायचं असेल, तर तेही त्यालाच विचारा. तो आता लाजत नाही.